ग्रुप ओस पडलाय, बंद करू का?

पत्र (थोडक्यात): मी इचलकरंजीची, वय ५४. २०१४ मध्ये मी आणि साताऱ्याच्या एका मैत्रिणीने फेसबुकवर गच्चीवरच्या बागेचा ग्रुप सुरू केला. बघता बघता ३८ हजार मेंबर झाले. लोक एकमेकांना पाकिटातून बिया पाठवायचे, रात्री अकरा वाजता कोणी पानाचा फोटो टाकला तरी दहा मिनिटांत उत्तर यायचं. दापोलीचे एक काका तर सगळ्यांच्या झाडांचे डॉक्टर होते, ते २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. आता दिवसाला दोन-तीन पोस्ट येतात, त्यात एक गुड मॉर्निंग आणि एक कुंड्या विकणाऱ्याची. गेल्या दिवाळीत मैत्रिणीने मला न सांगता दोनशे जणांना घेऊन वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आणि आता एक अनोळखी माणूस ग्रुप १५ हजारांना विकत मागतोय. मिस्टर म्हणतात देऊन टाक, मुलगी म्हणते डिलीट कर. मला रात्र रात्र झोप लागत नाही. माझं काय चुकलं? बंद करू का?

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काकांपाशी आले तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण मला माझंच एक जुनं आठवलं, ते पुढे सांगते. आधी तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं देते म्हणजे आज तरी डोळ्याला डोळा लागेल. ग्रुप विकू नका, कितीही पैसे देऊ देत. डिलीट करू नका, निदान मी खाली सांगतेय ते होईपर्यंत तरी. आणि तुमचं काही चुकलेलं नाहीये.

शेवटच्यावर तुमचा विश्वास बसणार नाही हे मला माहितीये, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी २००५ साली पुण्यात नोकरीला लागले, कर्वेनगरला चौघी मिळून भाड्याने राहायचो, आणि तेव्हा ऑर्कुट, गुगलची फेसबुकसारखीच एक साइट, म्हणजे आमचं अर्धं आयुष्य होतं. २००४ च्या जानेवारीत ते सुरू झालं, सुरुवातीला कोणीतरी इन्व्हाइट पाठवल्याशिवाय आत जाताच यायचं नाही, त्यामुळे ज्याने बोलावलं त्याचं फार अप्रूप असायचं. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडला रात्री २ ते सकाळी ८ फुकट असायचं म्हणून आम्ही अलार्म लावून उठायचो, एक कॉम्प्युटर आणि चौघींचे नंबर लावलेले, जिची पाळी नसेल ती मागे बसून चहा करणार. स्क्रॅप, म्हणजे तिथला निरोप, आला की ओरडाओरडा. शाळेच्या कम्युनिटीत पंधरा वर्षांनी कोणी सापडलं की रडारड. कोणी विचारलं असतं की हे कधी संपेल का, तर आम्ही वेड्यात काढलं असतं.

आणि मग ते संपलं, पण कसं संपलं ते सांगते कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. २०१० च्या जुलैत फेसबुकने भारतात ऑर्कुटला मागे टाकलं, पण तेव्हाही दोन्हीकडे दोन-दोन कोटींच्या आसपास माणसं येत होती, म्हणजे आकड्यांत बघितलं तर ऑर्कुट भरलेलंच होतं. आम्हाला मात्र आधीच जाणवायला लागलं होतं. स्क्रॅपला उत्तर पूर्वी तासाभरात यायचं ते दुसऱ्या दिवशी यायला लागलं, मग आठवड्याने, मग "अगं मी हल्ली इथे येतच नाही" असं. कोणी भांडून गेलं नाही. कोणी बाय म्हणून पण गेलं नाही. आमच्या कम्युनिटीच्या मॉडरेटर मुलीने काही केलं म्हणून झालं नाही आणि तिने जिवाचं रान केलं असतं तरी थांबलं नसतं.

तर तुम्ही एक करा, आकडा बघू नका. ३८ हजार हा आकडा तुम्हाला छळतोय, कारण इतकी माणसं असून बोलत कोणी नाही म्हणजे ती माझ्यावर नाराज असणार असं तुम्हाला वाटतं. अहो पण ती ३८ हजार माणसं कधीच बोलत नव्हती! जेकब निल्सन म्हणून एक वेबसाइट कशा वापरल्या जातात याचा अभ्यास करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय की ऑनलाइन जागेत साधारण १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ जण कधीमधी लिहितात आणि एकच जण सतत लिहितो. हा काही गणिताचा नियम नाही, ढोबळ अंदाज आहे, पण कुठल्याही ग्रुपचा अ‍ॅडमिन मान डोलावेल. म्हणजे तुमच्या भर बहराच्या दिवसांतही खरा ग्रुप तीन-चारशे जणांचा असणार, आणि त्यातही रोज हजेरी लावणारे चाळीस-पन्नास. त्या पन्नासातला एक गेला, दोघींना सुना आल्या, एकीने घर बदललं आणि नव्या फ्लॅटला गच्चीच नाही, पाच जण इन्स्टावर गेले, की संपलं, बाहेरून ३८ हजारांचा आकडा तसाच दिसत राहतो आणि आत शुकशुकाट.

दुसरी गोष्ट, तुमच्या पोस्ट लोकांना दिसतच नाहीयेत. तुम्ही लिहिलंय की "मी मार्चमध्ये उन्हाळी भाज्यांवर एवढं मोठं लिहिलं आणि अकरा लाइक." ताई, त्या अकरांनाच ते दिसलं असेल. २०१७-१८ च्या सुमाराला फेसबुकनेच ग्रुप डोक्यावर घेतले होते, मित्र, कुटुंब, ग्रुप यांचं जास्त दाखवणार असं २०१८ च्या जानेवारीत जाहीर केलं होतं, तुमचा सगळ्यात बहराचा काळ बघा, तोच असणार. नंतर वारं फिरलं. २०२० च्या जूनअखेर आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, लगेच जुलैत इन्स्टाने रील्स आणले आणि मग सगळीकडे अनोळखी माणसांचे छोटे व्हिडिओ सुरू झाले. २०२२ च्या जुलैत झुकरबर्गने स्वतः सांगितलं की फेसबुकच्या फीडमधला, म्हणजे उघडल्यावर समोर येतं त्यातला, साधारण १५ टक्के मजकूर आता तुम्ही फॉलो न केलेल्या लोकांचा, मशीनने निवडलेला असतो, आणि पुढच्या वर्षअखेरपर्यंत तो दुपटीच्या वर जाईल. आता फीड काही रबरासारखं ताणलं जात नाही, माणसाचा वेळ तेवढाच, मग त्यात दुसरं काही घुसलं की कोणाची तरी जागा जाणारच, आणि जी गेली त्यात तुमची दोडक्याच्या मांडवाची पोस्ट होती.

आणि तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिलंय की २०१७ नंतर "नवीन लोक यायला लागले आणि तेच तेच प्रश्न विचारायला लागले, जुने चिडचिड करायला लागले." हे तर इंटरनेट इतकं जुनं दुखणं आहे. अमेरिकेत युजनेट नावाची चर्चेची जागा होती, तिथे दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची, महिनाभर गोंधळ घालायची आणि मग जुन्यांचं बघून शिकायची. १९९३ च्या सप्टेंबरपासून मात्र घरगुती इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना तिकडचं दार उघडून दिलं आणि नव्या लोकांचा लोंढा थांबलाच नाही, म्हणून ते लोक आजही म्हणतात की तो सप्टेंबर कधी संपलाच नाही. आपल्याकडे पण सप्टेंबरच होता बघा, २०१६ चा, जिओचा. फुकट डेटा मिळाला आणि ज्यांनी कधी नेट बघितलं नव्हतं त्या आपल्या आत्या-मावश्या आल्या, आणि यायलाच पाहिजे होत्या, त्यांच्या हाताला मातीची जी समज आहे ती आपल्यापैकी कोणाकडे आहे! पण हजार लोकांची ओळख करून घेणं आणि तीस हजारांची करून घेणं यात फरक आहे. "जास्वंदाला पांढरं काय लागलंय" हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारला तर चाळीस जण धावतात, चौथ्या वर्षी तोच प्रश्न आठवड्यातून सहा वेळा आला की धावणारे दमतात. तुम्ही दमलात. काका दमले नाहीत, एवढंच, आणि त्यांच्यासारखी माणसं फार थोडी असतात.

आता काकांबद्दल.

तुम्ही त्यांचं एक उत्तर पत्राखाली चिकटवलंय, ते मी पुन्हा पुन्हा वाचतेय. कोणीतरी विचारलं होतं की जास्वंदाचा पिठ्या ढेकूण काही केल्या जात नाही, कडुनिंबाचं तेल मारून झालं, साबणाचं पाणी मारून झालं. काकांनी विचारलं, मुंग्या आहेत का? हो, आहेत. मग आधी मुंग्यांचं बघा, कारण त्याच त्याला एका फांदीवरून दुसरीकडे नेऊन बसवतात, त्यांना त्याच्यापासून गोड मिळतं. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा, फांदी भिंतीला टेकू देऊ नका, आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन हलक्या हाताने एकेक सांधा साफ करा, घाई करू नका, दुपारी चहानंतर करा म्हणजे वैताग येत नाही. ताई, हे "दुपारी चहानंतर करा" कुठल्या पुस्तकात मिळणार आहे? कीड कशी जाते हे मला गुगल सांगेल, पण समोरची बाई वैतागलीये हे ओळखून तिला वेळ ठरवून देणारा माणूस त्या चार ओळींत बसलाय, आणि त्या चार ओळी आज फक्त तुमच्या ग्रुपमध्ये आहेत.

म्हणून डिलीट नको म्हटलं.

माझं सांगते. ऑर्कुटवर टेस्टिमोनियल म्हणून असायचं, तुमच्याबद्दल मित्राने चार शब्द लिहायचे आणि तुम्ही ते मंजूर केले की सगळ्यांना दिसायचे. कर्वेनगरच्या त्या चौघींतली एक, माझी सगळ्यात जवळची, तिने माझ्याबद्दल मोठं लिहिलं होतं, रात्री तीन वाजता माझ्या शेजारी बसून, मला बघू न देता. २०१२ मध्ये ती गेली, आजार होता. २०१४ च्या ३० जूनला गुगलने जाहीर केलं की ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद. तीन महिने होते. मी बातमी वाचली, मनात आलं की ते उतरवून घ्यायला पाहिजे, आणि राहिलं. बरं त्यानंतरही दोन वर्षं, २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत, आपलं सामान डाउनलोड करायची सोय होती, तेही मला माहिती होतं. जुना पासवर्ड आठवत नव्हता, मुलगी लहान होती, आज करू उद्या करू. २०१७ मध्ये त्या मैत्रिणीच्या आईने फोन केला की तुझ्याकडे तिचं काही लिहिलेलं आहे का गं. नव्हतं. मला पहिली ओळ आठवते, मधलं एक वाक्य आठवतं, शेवट आठवत नाही. तिच्या आईला मी जे आठवलं ते फोनवर सांगितलं. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, माझाच आहे, आणि म्हणून मी तुम्हाला इतकं आग्रहाने सांगतेय.

जागा बंद होतात. याहू ग्रुप्सवर किती गावोगावची, देशोदेशीची मंडळी होती, परदेशातल्या मराठी लोकांच्या तर मेलामेलीचा मोठा आधार होता, तिथे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कळवलं की जुना मजकूर काढून टाकणार, लोकांची पळापळ झाली, आणि १५ डिसेंबर २०२० ला सगळंच बंद. मायस्पेस नावाच्या साइटवर २०१५ च्या आधी लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, कोट्यवधी गाणी, हे २०१९ मध्ये कळलं. तुमचा ग्रुप उद्या फेसबुक बंद करेल असं मी म्हणत नाही, पण तुमचं अकाउंट हॅक होऊ शकतं, तुम्हालाच एक दिवस वैताग येऊन बटण दाबावंसं वाटू शकतं. तेव्हा आधी वेचून घ्या, मग काय ते ठरवा.

सगळं घेऊ नका, सगळं घ्यायला गेलात तर महिन्याभरात सोडून द्याल. ग्रुपमध्ये वर सर्चचं भिंग आहे त्यात काकांचं नाव टाका, पिठ्या टाका, गांडूळखत टाका, मिरची वळते टाका, आणि ज्या पोस्टखाली खरी चर्चा झालीये अशा पन्नास-साठ काढा. फेसबुकचं ते "माहिती डाउनलोड करा" जे आहे त्याच्या भरवशावर राहू नका, त्यात तुमचं तुम्ही लिहिलेलं येतं, लोकांनी तुमच्या ग्रुपात लिहिलेलं येत नाही. त्यामुळे हे हातानेच करावं लागेल, पोस्ट उघडायची, कमेंट सगळ्या उलगडायच्या, कॉपी करून वर्डमध्ये नाहीतर गुगल डॉकमध्ये टाकायच्या, तारीख लिहायची. मुलीला मदतीला घ्या. डिलीट कर म्हणाली असली तरी तिला तुमची झोप हवीये म्हणून म्हणाली, तिला काकांचा तो ब्रशवाला निरोप वाचून दाखवा, बसेल शेजारी. रोज दोन पोस्ट, महिन्याभरात होतं.

एक पथ्य पाळा. लोकांनी ते ग्रुपसाठी लिहिलंय, तुम्ही ते पीडीएफ करून वाटणार असाल तर ज्याचं त्याला विचारा. मेसेज टाका, "तुमची अमुक पोस्ट मी एका पुस्तिकेत घेऊ का, नाव घालू का?" बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील आणि त्या निमित्ताने निम्म्यांशी तुमचं पुन्हा बोलणं सुरू होईल. जे सापडणार नाहीत त्यांचं नाव-फोटो वापरू नका, माहिती तुमच्या शब्दांत लिहा. आणि काकांसाठी त्यांच्या घरच्यांना विचारा. तुम्ही म्हणता त्यांची मुलगी ग्रुपमध्ये होती, बातमी तिनेच टाकली होती. तिला फोन करा. मला खात्री आहे की वडील सात वर्षं रोज रात्री मोबाईलवर काय लिहीत बसायचे ते तिने सगळं वाचलेलं नसणार. तिच्यासाठी काकांच्या उत्तरांची वेगळी फाइल करा, प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून पाठवा, झेरॉक्सच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत होईल.

आता तो १५ हजारवाला. हे लोक बाग बघून येत नाहीत, ३८ हजार बघून येतात. ग्रुप हातात आला की काही दिवस गप्प बसतात, मग नाव बदलतात, मग तिथे कर्जाच्या, गुंतवणुकीच्या, वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती सुरू होतात, आणि मेंबरना वाटतं ताईंचाच ग्रुप आहे म्हणजे खात्रीचं असणार. कोणाच्या तरी सासूबाई त्यात पैसे घालवतील आणि शिव्या तुमच्या नावाने बसतील. मिस्टरांना हे असं सांगा, ते समजतील. त्या माणसाला "नाही" एवढंच लिहा आणि ब्लॉक करा, कारणं देत बसू नका. आणि तुम्ही स्वतः वैतागून अ‍ॅडमिनपद सोडून ग्रुप तसाच उघडा टाकू नका, बिनअ‍ॅडमिनच्या ग्रुपमध्ये भलताच माणूस पुढे येऊन बसू शकतो, ते विकण्यापेक्षा वाईट. दोन विश्वासातले अ‍ॅडमिन करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतं ते) चालू करा, पोस्ट अ‍ॅप्रूव्हलवर टाका म्हणजे तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसणार नाहीत, गुड मॉर्निंग आणि कुंड्यावाला आपोआप थांबतील. पुढे अगदी झेपेना तर ग्रुप पॉज करता येतो, नवीन पोस्ट थांबतात, जुनं वाचता येतं. पण ते आधी लोकांना सांगून, तारीख देऊन. न सांगता दार लावणं मात्र नको, कारण त्या ३८ हजारांत कोणीतरी एक बाई असते जी कधीच बोलली नाही पण दर जूनमध्ये येऊन तुमचा महिन्यावार पेरणीचा तक्ता बघून जाते.

मैत्रिणीचं सांगायचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण पत्रात तुम्ही त्यावर दोनच ओळी लिहिल्यात आणि मला वाटतं झोप त्यानेच उडालीये.

तिने तुम्हाला न सांगता केलं हे चुकलंच. इतकी वर्षं दोघींनी मिळून एक घर चालवायचं आणि एकीने एक दिवस भांडी घेऊन निघून जायचं, हे लागतंच. पण तिने ग्रुप काढला यात मला चूक दिसत नाही. तिलाही तीच शांतता ऐकू येत होती जी तुम्हाला येत होती, तिने आपल्या परीने काहीतरी केलं, आणि तुम्हाला सांगायला गेलं तर तुम्ही दुखावाल या भीतीने सांगायचं टाळलं, आणि मग एकदा टाळलं की रोज अवघड होत जातं. हे माझं आपलं अनुमान आहे, चुकीचंही असेल. तर विचारा. मेसेज नको, दोन निळ्या टिका बघत बसाल आणि पुन्हा झोप जाईल, सरळ फोन करा, संध्याकाळी झाडांना पाणी घालायच्या वेळेला करा, तिच्याही हातात पाइप असेल. "तू का केलंस" ने सुरुवात करू नका. काकांची उत्तरं गोळा करतेय, तुझ्याकडे त्यांचे काही जुने मेसेज आहेत का, इथून करा. बाकीचं आपोआप निघेल, आणि निघालं की तुम्हाला वाईट वाटलं हे स्पष्ट सांगा, गिळू नका.

तिने तो ग्रुप बंद करून परत यावं ही अपेक्षा मात्र सोडा. दोनशे माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, दोनशेच बरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आता १०२४ जण मावतात म्हणून १०२४ भरू नका असं तिलाही सांगा. तिथे रोजचं बोलणं छान होतं, पण जुनी चर्चा सलग वाचायची तर अंगठा दुखेपर्यंत वर सरकवत बसावं लागतं, म्हणून तिथल्या बोलण्याला मागे काहीतरी टिकाऊ लागतं, आणि ते तुमची पुस्तिका होईल. तुम्ही तिच्या ग्रुपात मेंबर म्हणून जा. अ‍ॅडमिन म्हणून जाऊ नका. मेंबर म्हणून प्रश्न विचारायचा, कोणीतरी उत्तर द्यायचं, हे सुख तुम्ही दहा-अकरा वर्षांत घेतलेलं नाहीये.

टिकलेल्या जागा पण आहेत हो. मायबोली ही मराठी वेबसाइट बघा, १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केली, तेव्हा स्क्रीनवर मराठी अक्षर दिसायची मारामार होती, ऑर्कुट आलं-गेलं, ती आहे. एकेकाळची वर्दळ आता तिथेही नाही असं तिथलीच जुनी मंडळी म्हणतात, पण आहे. मला त्याची दोन कारणं वाटतात. एक, तिथे विषयाप्रमाणे सगळं लागलेलं असतं, पाककृती पाककृतीत, बागकाम बागकामात, दहा वर्षांपूर्वीच्या धाग्यावर आज कोणी प्रश्न विचारला की तो जुना धागा आख्खा वर येतो आणि नव्या माणसाला मागचं वाचायला मिळतं. आणि दुसरं, ती माणसं स्क्रीन सोडून भेटली. पावसाळ्यात त्यांचा वर्षाविहार असायचा, बस करून कुठेतरी जायचं, टोपणनावाने ओळखत असलेल्या माणसाला पहिल्यांदा खरं बघायचं. तुमच्याकडे तर भेटायला बियांसारखं निमित्त आहे! इचलकरंजी-कोल्हापूर-सांगली-सातारा एवढ्यातली वीस माणसं जरी अक्षय तृतीयेच्या आधी एका गच्चीवर जमली, दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, ज्याच्याकडे जे आहे ते कागदाच्या पुड्यांत बांधून आणलं, चहा-पोहे झाले, तरी पुरे. नाही जमले वीस, सहा जमतील. मी स्वतः ठाण्याहून येणं अवघड आहे पण पुडी नक्की पाठवीन, माझ्याकडे घरच्या लाल माठाचं बी आहे.

हे सगळं एकदम करू नका. आधी काकांच्या मुलीला फोन, मग मैत्रिणीला, मग रोज दोन पोस्ट. ग्रुपचं पुढे काय करायचं ते दिवाळीनंतर बघा, तोपर्यंत तुम्हालाच कळलेलं असेल, आणि तेव्हा मला परत लिहायचं असलं तर जरूर लिहा.

ता.क. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की काकांनी २०१६ मध्ये पाठवलेला जांभळ्या शेंगांचा घेवडा अजून दरवर्षी तुमच्या गच्चीवर येतो आणि त्यांनी तेव्हा तीसेक जणांना ते बी पाठवलं होतं. आज तुमच्या वेलाचा फोटो ग्रुपवर टाका आणि खाली एवढंच विचारा, "काकांचा घेवडा अजून कोणाकोणाकडे आहे?" लाइक मोजू नका, उत्तर कोण देतंय ते बघा आणि त्यांची नावं वहीत लिहून ठेवा. त्यातलं थोडं बी काकांच्या मुलीला पाठवा, तिच्याकडे ते असेलच असं नाही.